कुत्रीच्या पोटाखालची गाठ

गाठ मला सापडली ती भाताच्या झोडणीच्या दिवसांत. सकाळपासून पेंढ्या झोडून मी आंब्याच्या सावलीला टेकलो होतो. कुत्री पायाशी उताणी पडली होती, चारी पाय वर. तिला पोटाखाली खाजवलेलं आवडतं. ते काम माझं नव्हतं, माझ्या बायकोचं होतं. बायको जाऊन नऊ महिने झाले होते. मी आपला पायाच्या अंगठ्यानं खाजवत होतो, वाकायचा कंटाळा म्हणून. अंगठ्याला काहीतरी लागलं. गोचीड असेल म्हणून वाकलो. गोचीड नव्हती. शेवटच्या आचळाशेजारी, कातडीच्या आत, हरभऱ्याएवढं काहीतरी होतं. बोटानं ढकललं की सरकायचं. कुत्रीला त्याचं काहीच नव्हतं. ती डोळे मिटून पडली होती.

मी हात काढून घेतला आणि झोडायला उठलो. त्या दिवशी खळ्यावरच्या सगळ्या पेंढ्या मी एकट्यानं संपवल्या. एवढं काम मी कितीतरी वर्षांत केलं नव्हतं.

आमचं गाव राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या शेजारी. शनिवार-रविवारी पुण्याची पोरंपोरी गड चढायला येतात. ही कुत्री त्यांच्या पुढं पुढं गडावर जाते, त्यांची बिस्किटं खाते आणि दिवस कलला की परत येते. बायको म्हणायची, "ही माझ्यापेक्षा जास्त बारी गडावर गेली." बायको सगळ्या जन्मात एकदाच गेली होती. कुत्री तिनंच आणलेली. एस.टी.च्या शेडमध्ये पिल्लू भिजत पडलं होतं, ते पदरात घालून घेऊन आली. मी म्हणालो होतो, टाकून ये. तिनं ऐकलं नाही. सात-आठ वर्षं कुत्री तिच्या मागं मागं होती. मला कुत्रीचा राग नव्हता, पण माया पण नव्हती. दारात आडवी पडली की पायानं बाजूला करायचो.

आता बायकोचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय हे पुढचं कळायचं नाही.

लावणीचा आदला दिवस होता. ती खाचरात वाकून रोपं उपटत होती, मी मुठी बांधत होतो. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "अवं, हितं छातीला गाठ लागतीया."

मी विचारलं, "दुखती का?"

"न्हाई."

"मग लावणी उरकू दे. मग जाऊ दवाखान्यात."

"बरं," म्हणाली, आणि परत उपटायला लागली.

लावणी उरकली. मी विचारलं नाही, ती बोलली नाही. गणपती झाले. नवरात्रात तिनं नऊ दिवस उपास केला. मग भात काढायला आलं. मला आठवण नव्हती असं मी म्हणणार नाही. आठवण होती. रोज होती. पण ती बोलत नाही म्हणजे जिरली असेल, असं मी धरून चाललो. ती पण काहीतरी धरून चालली असेल. दिवाळीला लेक आली, तिनं आईला कुशीवर वळताना कळवळलेलं बघितलं आणि तिला भोरला नेलं, तिथून पुण्याला. पुण्याच्या डॉक्टरनं विचारलं, किती दिवसांपासून आहे हे? बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "झालं असतील पंधरा-ईस दिस." डॉक्टरला ते पटलं नव्हतं, तोंडावरून दिसत होतं. मी खाली बघत उभा होतो.

शिमग्याच्या आधी ती गेली.

लेक सगळ्यांना सांगायची, "आईनं लपवून ठेवलं. एकदा जरी बोलली असती तरी वाचली असती." मी मान हलवायचो. एकदा तर मी म्हणालो, "व्हय, सोभावच तिचा तसा." हे मी मेलेल्या बायकोबद्दल बोललो. तिनं मला डॉक्टरसमोर झाकलं होतं, आणि मी तिच्यावर घातलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे वर झाडावर होते, खाली कुणी येईना. ऊन चढलं. आमच्यात कावळा शिवेना म्हणजे माणसाचं काहीतरी राहिलंय असं धरतात. मग एकेकानं पुढं होऊन ते बोलायचं, कबूल करायचं, की हे मी करीन, तू जा. लेक पुढं झाली, हात जोडून म्हणाली, "आई, आबांना मी बघीन." कावळा आला नाही. बायकोच्या भावानं काहीतरी कबूल केलं. तरी नाही. मग जुनी माणसं माझ्याकडं वळली. "तिच्या मनात काय राह्यलं आसंल ते तुमालाच ठावं. तुमी बोला."

काय राहिलं ते मला ठाऊक होतं. निदान माझ्याकडून काय राहिलं ते तरी ठाऊक होतं. सगळी भावकी उभी होती, लेक उभी होती. मी पुढं झालो, हात जोडले आणि म्हणालो, "कुत्रीला शेवटापतोर सांभाळीन."

कावळा आला. "कुत्रीत जीव अडाकला हुता बघा," असं सगळे म्हणायला लागले. बाया रडल्या. माझं म्हणणं, तोपर्यंत कावळ्याला भूक लागली असेल. पण शब्द चारचौघांत दिला गेला होता. आणि कुठला शब्द गिळला तेही मला माहीत होतं. त्या दिवसापासून कुत्री माझी झाली. ती माझ्या मागं यायची आणि मला तिच्याकडं बघवायचं नाही.

आणि आता तिलाच गाठ.

पहिल्या दिवशी मनात आलं, झोडणी होऊ दे, मग बघू. हे आलं तेव्हा हातात खळ्यावरची शेवटची पेंढी होती; शेतातल्या अजून आणायच्या होत्या. मी ठरवलं, या बारीला थांबायचं नाही. काय करायचं ते आत्ताच करायचं.

केलं काय, तर बिब्बा घातला.

बिब्बा म्हणजे काळं, कडक फळ असतं. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातनं काळं तेल गळतं. टाचेला भेग पडली, काटा आत मोडला, बैलाच्या खांद्याला गाठ आली की आम्ही बिब्बा घालतो. माझ्या बापानं घातला, मी घातला. बैलाच्या गाठी बसलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात. कुत्री दवाखान्यात न्यायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हस न्यायची असते, गाय न्यायची असते. कुत्र्याला काय झालं तर ते कुठंतरी जाऊन पडतं, नाहीतर बरं होऊन येतं. मी गाठीवर दोन ठिपके दिले आणि हाताला लागलेलं खोबरेल तेलानं पुसून टाकलं. कुत्री एकदा केकाटली आणि पळाली.

सकाळी ती गोठ्यात कोपऱ्याला होती. पोट लाल, फोडांनी भरलेलं. तिनं ते चाटलं होतं, त्यामुळं ओठ आणि जीभ सुजून तोंड मिटत नव्हतं. लाळ गळत होती. भाकरी पुढं टाकली तर वास घेतला आणि तोंड फिरवलं.

शेजारी माझ्या चुलतभावाची बायको राहते. भाऊ नाही आता, ती एकटीच असते. ती शेणाची पाटी घेऊन आली होती, बघून उभीच राहिली.

"भावजी, काय केलंत वं हिला?"

"बिब्बा घातला."

"कुत्रीला?"

"बैलाला चालतो."

"बैलाला सोताचा खांदा चाटाया येतो का?"

तिनं वाटीभर ताक आणलं, कुत्रीच्या तोंडात थोडं थोडं सोडलं आणि मला म्हणाली, "अकला गेल्या तुमच्या तिच्यासंगट."

लेक भोरजवळ उत्रोलीला दिलेली आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, भोरात एक डॉक्टरीणबाई आहेत, आमच्या शेळ्यांना त्याच बघतात, घेऊन या. मी कुत्री खांद्यावर घेतली आणि एस.टी.ला हात केला.

कंडक्टर दारातच आडवा झाला. "आबा, कोंबडी आसती तर घेतली आसती. कुत्रं न्हाई."

"कोंबडीपरीस गप बसंल ही."

"ती बसंल वं. बाकीची बसायची न्हाईत."

गाडी गेली. मग भोरच्या बाजूला दूध घालायला जाणारा टेम्पो मिळाला. ड्रायव्हर म्हणाला, पुढं नको, मागं क्यानांत बसवा. मी पण मागंच बसलो. नसरापूरपर्यंत क्यान माझ्या गुडघ्यांवर आपटत होते आणि कुत्री माझ्या मांडीवर लाळ गाळत होती. एवढा वेळ मी तिला कधीच धरलं नव्हतं. तिच्या अंगात कापरं भरलेलं होतं, ते माझ्या हाताला कळत होतं.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी पोट बघितलं.

"हे कशानं भाजलं?"

"बिब्ब्यानं."

"कोणी घातला?"

"म्या."

"आजोबा, थोडा तुमच्या जिभेला लावू का?"

"लावा," म्हणालो. "पण आधी हिला बघा."

त्यांनी बघितलं. हळूहळू, सगळी आचळं एकेक करून दाबली. जांघेत बोटं घातली. म्हणाल्या, सूज बिब्ब्याची आहे, पण खाली गाठ आहे ती वेगळी. दुधाच्या गाठी अशाच येतात कुत्र्यांना. काढून टाकायला पाहिजे, लवकर. पण भाजलेल्या कातडीवर सुरी चालवता येत नाही, टाके धरायचे नाहीत. कातडी भरून यायला तीन आठवडे लागतील.

"नुसती गाठ घेऊन आला असता तर उद्याच काढली असती," म्हणाल्या. "आता थांबायला लागेल."

परत थांबणं आलं. या बारीला माझ्याच हातानं. पण हे पण खरं, की बिब्बा घातला नसता तर मी तिला भोरला नेलंच नसतं. आणि घालून भाजलं नसतं तर, बिब्बा घालून झाला, आता जिरेल, असंही म्हणालो नसतो कशावरून?

लेक उत्रोलीहून दवाखान्यात आली होती. कुत्रीच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, "ही बरी. उताणी पडून दावलं तरी. आईगत लपवलं न्हाई."

मी मलमाच्या डबीवरचं अक्षर वाचत बसलो. ते इंग्रजीत होतं.

त्या तीन आठवड्यांचं काय सांगू. मला काही दुखत नव्हतं, भूक लागत होती, झोप येत होती. पण सकाळी डोळा उघडला की आधी गाठ. मी भाताची एक काडी घ्यायचो, गाठीवर धरायचो, तेवढीच मोडायचो आणि भिंतीतल्या देवळीत ठेवायचो. दुसऱ्या दिवशी दुसरी काडी. मग दोन्ही शेजारी शेजारी धरून बघायचो. कधी कालच्यापेक्षा लांब भरायची, मग मी दिवसभर कुणाशी बोलायचो नाही. कधी आखूड भरायची, मग वाटायचं चुकून आखूड मोडली, आणि परत मोजायचो. काडीनं मोजून गाठ थांबत नाही हे मला कळत होतं. न मोजता बसवत नव्हतं, एवढंच.

बाकीचा दिवस मी काम काढायचो. पडलेला बांध घातला. माळ्यावरचं सगळं खाली काढलं आणि परत वर ठेवलं. काळजी कुणाला सांगायची सोय नव्हती. बायको गेली तर लोक दारात येऊन बसतात. कुत्रीला गाठ आली म्हटलं तर हसतात. पारावर एकानं विचारलं, "कुत्रीला काय पुण्याला ॲडमिट करणार हाय का आबा?" मी म्हणालो, "करीन. तुला करायची येळ आली तर तुलाबी करीन."

कुत्री बांधून ठेवली होती. शनिवारी गडावर जाणारी पोरं आली की ती दोरी ओढून रडायची. एक मुलगी थांबली. म्हणाली, आजोबा, हिला का बांधलंय? ही आमच्याबरोबर दोनदा वर आली होती, आमच्या ग्रुपवर हिचा फोटो आहे. मी सांगितलं, पोटाला गाठ आहे. तिनं खाली बसून विचारलं, कधी कळलं? मी म्हणालो, झोडणीत. ती म्हणाली, मग लगेच नेलंत ते बरं केलंत. बिस्किटाचा पुडा ठेवून गेली. मी त्यातली दोन खाल्ली, बाकीची कुत्रीला घातली.

एक दिवस देवळीतल्या काड्या नाहीशा झाल्या. शेजारच्या वहिनीनं दिवाबत्तीला जागा करायची म्हणून चुलीत टाकल्या होत्या.

मी ओरडलो. "काड्या कुणी हलवल्या?"

"कसल्या काड्या?"

"गाठीच्या मापाच्या."

ती चुलीपुढनं उठली. मग म्हणाली, "कुत्रीची गाठ रोज मोजताय व्हय? बायकोची एकदा तरी बघितली हुतीत का भावजी?"

एवढं बोलली आणि पदर खोचून निघून गेली. तिला काही ठाऊक होतं की तोंडाला आलं ते बोलली, मला आजपर्यंत कळलेलं नाही. बायको आणि ती नदीवर धुणं बरोबर धुवायच्या. बायकोनं तिला सांगितलं असेल. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काडी मोडली नाही. नुसतं बोट लावायचो.

तीन आठवड्यांनी टेम्पोनंच गेलो. टेबलावर घेतल्यावर बाई म्हणाल्या, सुई लागेपर्यंत पुढचे पाय धरा. मी धरले. कुत्री माझ्याकडं बघत होती, मग तिची मान माझ्या मनगटावर पडली. बाई म्हणाल्या, बाहेर बसा. मी म्हणालो, बसत नाही, उभा राहतो. त्यांनी राहू दिलं.

गाठ निघाली ती केवढी, तर चिंचोक्याएवढी. माझ्या काड्यांच्या हिशोबानं ती लिंबाएवढी असायला पाहिजे होती. मी रोज दाबून मोजत होतो, गाठ पसरत होती आणि काडी लांब भरत होती. बाईंनी ती बाटलीत घातली, पुण्याला तपासायला पाठवायची म्हणून, आणि टाके घालून हात धुवायला लागल्या.

मी विचारलं, "बाई, चार म्हैने थांबलो आसतो तर?"

त्या पाठमोऱ्याच बोलल्या. "तर एवढी राहिली नसती. आधी जांघेत गेली असती, मग छातीत. मग मी कापून उपयोग नव्हता."

"आन आता आणली तर?"

"आता वाचायची आशा चांगली आहे."

"म्हंजी चार म्हैन्यांचाच फरक."

"तसंच म्हणा," म्हणाल्या. मग हात पुसत वळल्या, माझ्याकडं बघितलं आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, "पण तुम्ही कुठं थांबलात आजोबा? आणलीतच की."

त्यांना वाटलं मी कुत्रीसाठी घाबरलोय. मी व्हय म्हणालो. पुण्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. आता विचारलं, आणि उत्तर मिळालं. ते माझ्या अंदाजापेक्षा काही वेगळं नव्हतं.

गुंगी उतरेपर्यंत कुत्रीला उत्रोलीला लेकीच्या घरी नेलं. जावई कामाला गेले होते, नातवंडं शाळेत. कुत्रीनं टाके चाटू नयेत म्हणून बाईंनी गळ्याला काहीतरी बांधायला सांगितलं होतं. लेकीनं रंगाच्या प्लास्टिकच्या डब्याचं बूड कापलं आणि तो डबा तिच्या मुंडक्यावरून गळ्यात अडकवला. कुत्री पोत्यावर पडली होती, डब्यातनं नुसतं नाक दिसत होतं. लेक ओसरीवर सुपात तांदूळ निवडायला बसली. मी खांबाला टेकून.

निवडता निवडता ती म्हणाली, "आईची पण अशीच काढली आसती. दुपारच्याला घरी आणली आसती. एकदा बोलली आसती तर."

मी म्हणालो, "बोलली हुती."

"कुणाला?"

"मला."

तिचा हात सुपात थांबला. "कवा?"

"लावणीला. म्या म्हणलं, लावणी उरकू दे."

"मग?"

"मग काय न्हाई. उरकली."

ती सुपातल्या तांदळाकडं बघत होती. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागं अजून एक गेला.

"मग पुण्याला डॉक्टरनं इचारलं तवा आई पंधरा दिस का म्हणाली?"

"मला वाचवाया."

"आन तुमी वाचलासा," लेक म्हणाली.

सूप घेऊन ती आत गेली. मला वाटलं रडण्याचा आवाज येईल. आला नाही. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, सकाळची भांडी तर घासून झालेली होती. नातवंडं आली, त्यांना खायला दिलं, मला पण ताट दिलं. ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "टाकं निघंस्तोवर कुत्री हितं ऱ्हाईल. पट्टी रोज बदलायची हाय, तुमाला जमायचं न्हाई. तुमी जावा घरी."

"आज?"

"आजच जावा. एस.टी. हाय."

मी गेलो. एस.टी.त या बारीला कुणी अडवायचं कारण नव्हतं.

दहा दिवस मी एकटा होतो. बायको गेल्यावर पण मी एवढा एकटा नव्हतो, कारण तेव्हा कुत्री होती आणि लेकीचा दर दोन दिवसांनी फोन होता. फोन आला नाही. मी पण केला नाही. करून काय बोलायचं? कुत्री कशी आहे, एवढं विचारायला हरकत नव्हती, पण त्यातनं पुढं काय निघेल याची मला धास्ती होती. कुत्री मेली असती तर सांगितलं असतं, एवढं धरून चाललो. परत धरून चालणंच. शेजारच्या वहिनीनं दोनदा विचारलं, कुत्री कुठाय? मी सांगितलं, लेकीकडं. "आन तुमी?" म्हणाली. मी म्हणालो, "मी हितं."

लेकीला सांगितलं त्याचा मला पश्चात्ताप झाला का? पहिले चार दिवस झाला. म्हातारपणी एक लेक, ती पण घालवली असं वाटलं. पाचव्या दिवशी वाटलं, घालवली तर घालवली. निदान बायकोवरचं उतरलं.

दहाव्या दिवशी टाके काढायचे होते. मी सकाळच्या गाडीनं भोरला गेलो. लेक येईल का नाही याची खात्री नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळानं जावयाच्या मोटरसायकलवरून दोघं आली, मधे डबा घातलेली कुत्री. कुत्री मला बघून डब्यासकट अंगावर आली, डब्याची कड माझ्या गुडघ्याला लागली. लेकीनं डोक्यावर पदर घेतला, वाकून माझ्या पाया पडली, जशी नेहमी पडते तशी. बोलली नाही. जावई बाहेर थांबले, त्यांना काही सांगितलेलं दिसलं नाही.

बाईंनी टाके काढले. पुण्याचा कागद आला होता. म्हणाल्या, गाठ वाईट जातीचीच निघाली, पण लहान होती आणि सगळीकडनं साफ निघाली आहे. परत येणार नाही असं मी लिहून देत नाही. दर महिन्याला पोट तपासायचं. काहीही लागलं, दाण्याएवढंही, की बिब्बा नाही, गाडी धरायची.

"व्हय," मी म्हणालो.

लेक म्हणाली, "कसं तपासायचं ते दावा."

बाईंनी तिचा हात धरला आणि कुत्रीच्या पोटावरून फिरवून दाखवला. वरून खाली, दोन्ही बाजूंनी, मग जांघेत. लेकीनं एकदा करून बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"आबा, हात द्या."

मी दिला. तिनं माझी बोटं धरून आचळाशेजारी दाबली. "आसं. नुसतं वरवर फिरवायचं न्हाई. खाली काय सरकतंय का ते बघायचं. आन बघितलं की लगीच बोलायचं."

"व्हय," म्हणालो.

"कुणालाबी न्हाई. मला."

कुत्री घरी आली. डबा काढला तरी आठ दिवस मान आखडूनच चालायची. पुढं गडावर जायला लागली. पहिल्या दिवशी ती परत येईपर्यंत मी वाटेवर उभा होतो. आता उभा राहत नाही.

लेक येते, सणाला येते, माझं धुणं-भांडं करून जाते. आईचं नाव काढत नाही. आधी सारखं काढायची. मला माफ केलं का हे मी विचारलं नाही, ती पण बोलली नाही, आणि तसलं काही ती बोलेल असं वाटत नाही. दर पुनवेला तिचा फोन येतो.

"बघितलं का?"

"बघितलं."

"जांघंत?"

"जांघंत पण. काय न्हाई."

"दाबून?"

"दाबून बघितलं."

"बरं," म्हणते, आणि फोन ठेवते.